दशावतारी गंजिफा आणि आमची वाटणी

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांच्यातील काहींना तरी आजोळच्या किंवा घरच्या पेटाऱ्यातील एक लहानशी लाकडी पेटी आठवत असेल. सरकते झाकण, झाकणावर वेलबुट्टी आणि आत रुपयाहून थोड्या मोठ्या, लाखेने चकचकीत केलेल्या गोल चकत्या. या चकत्या म्हणजे गंजिफेची पाने. दौलतगंजातील आमच्या घरी अशी एक पेटी होती. आजीच्या माहेराहून, म्हणजे सावंतवाडीहून, ती लष्करात आली होती. चातुर्मासातील दुपारी जेवणे आटोपली की पांढऱ्या चादरीवर डाव मांडला जाई. पाने नीट सरकावीत म्हणून चादर ताणून अंथरण्याचे काम आम्हा मुलांचे असे.

गंजिफेचा हिंदुस्थानातील पहिला ठळक उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. १५२७ साली त्याने सिंधमधील शाह हसन याच्याकडे, त्याला आवड आहे म्हणून, गंजिफा पाठविल्याची ती नोंद आहे. पुढे अबुल फजलने ‘ऐने अकबरी’त बारा रंगांच्या, प्रत्येकी बारा पानांच्या, म्हणजे १४४ पानांच्या जुन्या खेळाचे वर्णन केले. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशी त्यातील राजांची नावे होती. सर्वत्र रूढ झालेली मोगली गंजिफा मात्र आठ रंगांची आणि ९६ पानांची. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश हे तिचे रंग. त्यांत मुकुट, नाणी, तलवार, नोकरचाकर, हुंडी-दस्तऐवज आणि कापडचोपड असा राज्यकारभाराचा सारा पसारा येतो. आम्ही उभा जन्म सरकारी कचेरीत काढला असल्याने, पत्त्यांतही दस्तऐवजांचा एक स्वतंत्र रंग असावा याची आम्हांस मोठी गंमत वाटत आली आहे.

या दरबारी खेळात देव कसे आले, हा आमच्या लेखाचा खरा विषय. एखादा विषय घेऊन पत्त्यांचा संच रचणे म्हणजे पानांवर चित्रे बदलणे, असा समज होण्याचा संभव आहे. तसे नाही. विषयाला मुळात एक पक्की संख्या असावी लागते; म्हणूनच अवतार, नवग्रह, अष्टदिक्पाल, बारा राशी असे विषय चितारी मंडळींनी निवडले. दुसरे, प्रत्येक रंगाला असे चिन्ह हवे की जे एकापासून दहापर्यंत लहानशा वर्तुळात मांडता येईल. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू, कल्कीची तलवार ही चिन्हे मुलालाही मोजता येतात. तिसरे, चाळीस पाने हातात पंख्यासारखी धरली असता नुसत्या कडेवरून रंग ओळखता यावा, म्हणून प्रत्येक अवताराची जमीन निराळ्या रंगाची. आणि चौथे, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान व दहा संख्यापाने हा क्रम अढळ. दहा गुणिले बारा, अशी १२० पाने झाली.

परंतु खरी करामत याहून खोल आहे. मोगली खेळात दिवसा सुर्ख, म्हणजे सूर्याच्या सोनेरी नाण्याचा राजा ज्याच्याकडे असेल तो उतारी करतो. रात्री सफेद, म्हणजे चंद्राच्या रुपेरी नाण्याचा राजा असलेला. दशावतारीत दिवसा उतारी रामाची आणि रात्री कृष्णाची. राम सूर्यवंशी, त्याचा जन्म माध्यान्हीचा. कृष्ण चंद्रवंशी, त्याचा जन्म मध्यरात्रीचा. ज्या कोणी हा संच प्रथम योजला, त्याने जुन्या नियमाला धक्का न लावता त्यात पुराणाचा अर्थ भरला, असे आम्हांस वाटते. विषय खेळाच्या नियमात उतरला, तरच संच साधला म्हणायचा.

प्रांताप्रांताने फेरफारही केले. ओडिशात नवव्या जागी बुद्धाऐवजी जगन्नाथ आला. महाराष्ट्रात दशावताराच्या जुन्या चित्रांत त्या जागी विठ्ठल दिसतो. आमच्या पेटीतही कटीवर कर ठेवलेला विठ्ठलच होता. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वोडेयर (१७९४–१८६८) यांनी तर स्वतः नवनवे खेळ रचले. त्यांपैकी सर्वांत मोठ्यात अठरा रंग आणि ३६० पाने! आमच्या ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथेही गंजिफा रंगविणारे कारागीर होते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि लष्कर हे शहर झाले. तंबूंतून घरांत आलेल्या मंडळींनी जे किडुकमिडुक बरोबर आणले, त्यात कुळाचाराच्या वस्तूंबरोबर खेळही आले असणार.

खेळ तिघांत चाले. प्रत्येकाला चाळीस पाने. यात कायमचा हुकूम नसतो. त्या त्या रंगातील जे मोठे पान शिल्लक उरेल तेच हुकूम, म्हणून कोणती पाने पडून गेली हे ध्यानात ठेवणे हाच सारा खेळ. त्यातही एक खुबी आहे. राजा-प्रधानांच्या खाली पाच रंगांत दश्शी सर्वांत मोठी व एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. एका घरात ज्याला कोणी विचारीत नाही, तोच दुसऱ्या घरी मानाने बसतो. आमची थोरली बहीण, ताई, नऊ-दहा वर्षांची असताना आजीच्या शेजारी बसून हे सारे शिकली. आम्ही तिघे भाऊ चादर अंथरण्यापुरतेच होतो.

आता आमच्याच एका चुकीची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमची नोकरी राजस्व विभागात गेली. जमिनीच्या वाटणीची प्रकरणे आमच्यापुढे येत आणि आम्ही पक्षकारांना सांगत असू, “शेत तोडा, पण विहीर आणि जाण्यायेण्याची वाट सामाईक ठेवा, ती तोडलीत तर कोणाच्याच उपयोगी पडणार नाही.” १९९४ साली आई गेली. घर विकले गेले, भांडीकुंडी वाटली गेली, आणि शेवटी ही पेटी उरली. तिच्यावर तिघांचाही जीव. तेव्हा आम्हीच तोडगा काढला: थोरल्या बंधूंना चार रंग, आम्हांस तीन, धाकट्याला तीन. राम, विठ्ठल आणि मत्स्य आमच्या वाट्याला आले. वाटणी अगदी न्याय्य झाली याचे आम्हांस समाधानही वाटले. ताईला एकही पान दिले नाही. तिने मागितले नाही आणि आम्ही विचारले नाही. खेळ मात्र त्या घरात एकट्या तिलाच येत होता.

आम्ही तिन्ही राजांची तसबीर करवून बैठकीत लावली. येणारे-जाणारे वाखाणीत. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गंजिफांचे प्रदर्शन भरले होते आणि रुडॉल्फ फॉन लायडन यांनी त्यावर ग्रंथ लिहिला, हेही आम्ही पाहुण्यांना ऐकवीत असू. उरलेली तेहेतीस पाने बिस्किटांच्या डब्यात पडून होती.

आमचे डोळे उघडले ते नातवामुळे. आजकालची मुले पोकेमॉन नावाच्या पत्त्यांनी खेळतात. हा खेळ १९९६ साली जपानात निघाला. अशा संग्राह्य पत्त्यांची प्रथा त्याच्याही आधी, १९९३ साली अमेरिकेत निघालेल्या ‘मॅजिक’ या खेळाने पाडली. पाकिटे विकत घ्यायची, मिळालेल्या पानांतून निवडून आपला साठ पानांचा संच आपणच रचायचा आणि त्यानिशी दुसऱ्याच्या संचाशी सामना करायचा. आमचे चिरंजीव त्या सुट्टीत केवळ जलचरांचा संच रचीत बसले होते. आम्ही विचारले, “सगळी बलाढ्य पानेच का घेत नाहीस?” तो म्हणाला, “आजोबा, तसा संच चालतच नाही. मोठ्यांना शक्ती पुरवायला लहान पाने लागतात. एकमेकांना धरून असतील तरच तो संच.” मग भिंतीकडे पाहून त्याने विचारले, “तुमचे बाकीचे पत्ते कुठे आहेत?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. रामाचा एक्का कृष्णाच्या दश्शीशिवाय काय मोलाचा? चितार्‍याने एकशेवीस पाने एकमेकांसाठी रंगविली होती. आम्ही त्यांची चित्रे केली. दोघा बंधूंच्या घरी पत्रे धाडली. धाकट्याकडून तीन रंग जसेच्या तसे आले. थोरले बंधू हयात नाहीत. त्यांच्या मुलाने इंदूरहून तीन रंग पाठविले. चौथा, कूर्माचा, वाळवीने खाल्ला होता.

त्याच उन्हाळ्यात ताईला बोलावून घेतले. तिने पाने हाताळून पाहिली आणि म्हणाली, “एक अख्खा रंग गेला ते एक बरे झाले. प्रत्येक रंगातले एकेक पान गेले असते तर खेळ मेला असता.” नऊ रंग, १०८ पाने, तिघांत छत्तीस-छत्तीस. अडचण एकच उरली. तसबीरवाल्याने राजे डिंकाने चिकटविले होते. काढताना रामाची पाठ खरवडली गेली. पाठीमागून पान ओळखू येऊ लागले तर लपवाछपवीच्या खेळाचे काय उरणार? ताईने क्षणभर विचार केला. “दिवसाच खेळू या. राम ज्याच्याकडे, त्यालाच उतारी करायची असते. त्याची पाठ दिसली तरी काही बिघडत नाही.”

सावंतवाडीत ही कला १९७० च्या दशकात जवळजवळ संपली असता शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ती नव्या मुलांना शिकविली. राजवाड्यात गंजिफा पुन्हा रंगू लागल्या. म्हणजे पाने आज विकत मिळतील. चिंचोक्याची खळ, लाख आणि रंग यांचा प्रश्न सुटला आहे. मात्र खेळणारे दुकानात मिळत नाहीत. म्हणून वाचकांना आमची विनंती आहे की, घरात अशी पेटी असेल तर ती वाटू नये आणि भिंतीवर लावू नये. घरातील ज्या वृद्ध स्त्रीला डाव येतो तिच्यापुढे ती उघडावी, आणि ती सांगेल ते नियम लिहून घ्यावेत. आमच्या वहीत आतापर्यंत अकरा पाने भरली आहेत. ताई दिवाळीला पुन्हा येणार आहे. पेटी या खेपेस तिच्याबरोबर जाईल.