शिवलेल्या जहाजाला देखावा म्हणणाऱ्यांस

अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून घडवलेले, काथ्याने फळ्या शिवलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबरला त्याने पोरबंदर सोडले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी ते मस्कतला पोहोचले. त्याला इंजिन नाही. तरीही जाणत्या मंडळींत एक मत ऐकू येते, की हा निव्वळ देखावा आहे.

हे मत त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडले पाहिजे. आक्षेपक म्हणतात, त्या काळच्या जहाजाचा आराखडा उपलब्ध नाही. चित्र म्हणजे नकाशा नव्हे. शिडावर गंडभेरुंड, नांगर हडप्पा धाटणीचा, म्हणजे निरनिराळ्या काळांची सरमिसळ. रचनेची चाचणी आयआयटी मद्रासमध्ये, आधुनिक शास्त्राने. मग सिद्ध काय झाले? आणि वर्सोव्याच्या कोळ्याला आज डिझेल हवे, शीड कशाला?

सरमिसळीचा मुद्दा मला मान्य आहे. गंडभेरुंड आणि नांगर ही सजावट आहे. तिला पुरावा मानू नये. पण सजावट काढून टाकली तरी शिवलेला सांगाडा, चौकोनी शिडे आणि मागच्या बाजूची सुकाणूची वल्ही उरतातच. आक्षेप त्यांना स्पर्शही करत नाही.

चित्र म्हणजे नकाशा नव्हे, हेही खरे. बोरिवलीच्या एक्सर गावातले वीरगळ पाहा. झिजलेल्या दगडावर समुद्रयुद्ध कोरले आहे: उंच टोकांची जहाजे, वल्ह्यांच्या रांगा, माणसांची दाटी. फळी फळीला कशी जोडली होती, हे मात्र दगड सांगत नाही. मग ते कळायचे कसे? ग्रंथ चाळून? फळी वाकवून, भोके पाडून, दोर आवळून पाहिल्याखेरीज त्याचे उत्तर मिळत नाही. ‘कौंडिण्य’च्या बांधणीत केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर हेच काम गोव्यात करत होते. आराखडा नाही, म्हणूनच बांधायचे. आक्षेपकांनी कारणालाच दोष ठरवले आहे.

आता आधुनिकतेचा आक्षेप. याचा निकाल पॅसिफिक महासागरात पन्नास वर्षांपूर्वीच लागला. न्यूझीलंडचे अँड्र्यू शार्प यांनी १९५६ साली लिहिले होते, की पॉलिनेशियन लोक दूरची बेटे हेतुपुरस्सर शोधत गेले नाहीत. बहुतांशी वाऱ्या-प्रवाहाबरोबर भरकटत पोहोचले. १९७६ साली ‘होकुलेआ’ ही जोडनौका हवाईहून ताहितीला गेली. अंतर सुमारे चार हजार किलोमीटर. होकायंत्र नाही, नकाशा नाही. दिशा ठरली ती तारे आणि लाटांची उचल पाहून. या नौकेच्या सांगाड्यात प्लायवुड आणि फायबरग्लास होते! म्हणून तो प्रवास खोटा ठरला काय? मुळीच नाही. प्रश्न लाकडाचा नव्हताच, वाट शोधण्याचा होता. ‘कौंडिण्य’चा प्रश्न नेमका उलट आहे: खिळ्याविना शिवलेले जहाज खुल्या समुद्रात टिकते काय? प्रत्येक नौकेला तिने घेतलेला प्रश्नच विचारावा. दुसऱ्याच परीक्षेत नापास करणे हा न्याय नव्हे.

खिळ्याविना जहाज म्हणजे अडाणीपणा, हा समजही टिकत नाही. शिवण लवचीक असते. लाटेचा धक्का सांगाडा पचवतो. १९८० साली टिम सेव्हरिन ओमानमध्ये शिवलेले ‘सोहार’ घेऊन चीनला निघाले आणि पुढल्या वर्षी कँटनला पोहोचले. एवढा पुरावा पुरेसा नाही काय?

राहिला कोळ्याचा प्रश्न. इथे आक्षेपक सर्वांत बेसावध आहेत. इंजिन टाकून द्या, असे कोण म्हणते? हवाईतही कोणी म्हटले नाही. तिथे झाले ते असे, की ‘होकुलेआ’ बांधून झाली आणि ती ताऱ्यांवरून नेणारा एकही हवाईयन माणूस उरलेला नव्हता! मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावरून मऊ पियाईलुग यांना बोलवावे लागले. त्यांच्याकडून शिकलेले नाइनोआ थॉम्प्सन यांनी १९८० साली तीच वाट स्वतः काढली. एका पिढीने हात आखडता घेतला, तर पुढच्या पिढीला परक्या बेटावर गुरू शोधावा लागतो. या नौकेच्या पहिल्या प्रवासानंतर दोनच वर्षांनी, १९७८ साली, हवाई भाषेला तिथल्या राज्यघटनेने अधिकृत दर्जा दिला. नौकेमुळेच तो मिळाला असे मी म्हणत नाही. पण स्वतःच्या विद्येची लाज टाकलेला समाज भाषेचीही लाज टाकतो, एवढे नक्की.

आपली स्थिती अजून इतकी हलाखीची नाही. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई इथल्या बोटींवर यंत्र चढले ते बहुतांशी स्वातंत्र्यानंतर. शिडावर दर्या कापलेले तांडेल आज वयाच्या अखेरीला आले आहेत. उधाण आणि भांग यांचा हिशेब, मतलई वारा कधी धरायचा, रात्री कोणता तारा नाळेसमोर ठेवायचा, ही विद्या कागदावर फार थोडी उतरली आहे.

देखावा म्हणणाऱ्यांनी निकालपत्र लिहिण्याआधी या तांडेलांकडे जावे, ऐकावे, टिपून घ्यावे. विद्यापीठांनी हे काम पावसाळ्यात, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असताना, हाती घ्यावे. पुढच्या जहाजावर कोळीवाड्यातली मुले खलाशी म्हणून असावीत, ही मागणी नौदलाकडे आणि सांस्कृतिक मंत्रालयाकडे आता वाचकांनीच केली पाहिजे.