पंचा आणि शाल: बोटीवरच्या एका पोशाखाची कुळकथा

पौषात भल्या पहाटे वर्ध्याहून कुठल्याही खेड्याच्या वाटेला लागा, धुऱ्यावर एखादी शेकोटी दिसतेच. रात्रभर हरभऱ्याची जागल करून आलेला म्हातारा तिथं उकिडवा बसलेला असतो. डोक्याला दुपट्टा आवळलेला, कान त्यातच झाकलेले, अंगाभोवती घोंगडी नाहीतर विटकी शाल. गुडघ्याखाली मात्र काही नाही. पोरांच्या अंगात आता जर्किन आलं, पायांत पँट आली; पण जुन्या माणसांचा हिशेब ठरलेला: थंडी लागते ती छातीला आणि कानाला, पायांना कसली थंडी?

नेमक्या याच हिशेबाने एक माणूस १९३१ साली बोटीत बसून विलायतेला गेला आणि ऐन थंडीपर्यंत तिकडे राहिला. पुढे तो वर्ध्याचाच झाला, म्हणून ही कुळकथा आमच्याकडे सांगायची.

तिची सुरुवात मात्र फजितीची आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मुंबईहून निघाला. थंड मुलखात काय घालावं, हे त्याने मुंबईतल्या मित्रांच्या सल्ल्याने ठरवलं होतं. बोटीवर काळा सूट घातला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट किनाऱ्यावर उतरताना घालायचा म्हणून राखून ठेवला. पांढरे कपडे जास्त शोभून दिसतील, असं त्याला वाटलं. सप्टेंबरअखेर तो उतरला तेव्हा पांढऱ्या कपड्यांत तो एकटाच! बाकीचं सामान, किल्ल्यांसकट, एजंटाच्या ताब्यात गेलेलं. शनिवार होता, सोमवारपर्यंत सामान मिळायचं नाही. दोन दिवस लंडनमध्ये तो मुलगा त्या पांढऱ्या फ्लॅनेलमध्ये वावरला. फ्लॅनेल उबदार असतं, त्यामुळे कुडकुडला नसेल; पण लाजेने अर्धा झाला. आत्मकथेत हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे.

पुढे मुंबईचे कपडे तिथल्या समाजात चालेनात, म्हणून त्याने नवे शिवून घेतले. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा सूट, एकोणीस शिलिंगांची उंच टोपी. थंडीसाठी म्हणाल तर यातलं काहीच आवश्यक नव्हतं. बोटीच्या प्रवासाला निघालेला माणूस कपडे हवेसाठी घेतो असं म्हणतो. बहुतेक वेळा ते तो उतरल्यावर भेटणाऱ्या लोकांसाठी घेतो.

याच प्रश्नाचं उलटं उत्तर आपल्याकडे आनंदीबाई जोशींनी दिलं. १८८३ साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्याही अठरा वर्षांच्याच होत्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात. तिकडच्या थंडीत ते सोसेना आणि तिकडच्या नजरांनाही चालेना. मग त्यांनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसायला घेतली. झगा घातला नाही. लुगडं सोडलं नाही, नेसण बदलली. मला तरी ही तोड गांधींच्या दहा पौंडी सुटापेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते.

गांधींना तिथवर पोचायला तेहेतीस वर्षं लागली. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेत त्यांनी सदरा, टोपी, लांब धोतर सोडलं आणि पंचा नेसला. खादी महाग पडते, परवडत नाही, असं गरीब लोक सांगत होते. गांधींना दाखवायचं होतं की अंगावर एवढंसं कापडही पुरतं. मुदत आधी ३१ ऑक्टोबरपर्यंतची घातली होती. ती कधी संपलीच नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जमनालाल बजाजांच्या आग्रहामुळे विनोबा वर्ध्यात आले होते आणि इथल्या आश्रमात चरखे फिरू लागले होते.

मग २९ ऑगस्ट १९३१. गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोट मुंबईहून निघाली. गांधी दुसऱ्या वर्गात. सोबत सचिव महादेवभाई आणि प्यारेलाल, मुलगा देवदास आणि इंग्रज शिष्या मीराबेन. सोबतच्या मंडळींनी विलायतेच्या थंडीचा धसका घेऊन पेट्याच्या पेट्या भरल्या होत्या. गांधींनी त्या पाहिल्या आणि फार बोलले. नको असलेल्या पेट्या एडनहून परत पाठवायला लावल्या.

बोटीवर ही गोष्ट शहाणपणाचीच होती. एडन, तांबडा समुद्र म्हणजे भट्टी. पुढे भूमध्य समुद्राचा वारा. मग लंडनचं धुकं. एकाच प्रवासात तीन ऋतू. शिवलेला कपडा एकाच ऋतूचा असतो, नेसलेला आणि पांघरलेला कपडा सोडता येतो, आवळता येतो, डोक्यावरून घेता येतो. घोंगडीची खोळ करणाऱ्या आमच्या धनगराला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आणि हेही ध्यानात घ्या: त्यांनी थंडीशी हट्ट केला नव्हता. वर लोकरी शाल होती, चांगली जाड, छाती-खांदे झाकणारी. चर्चिलने त्यांना अर्धनग्न म्हटलं ते त्याच वर्षी. पण नग्न होता तो अर्धा भाग गुडघ्याखालचा, धुऱ्यावरच्या जागल्याचा असतो तोच. ५ नोव्हेंबरला ते याच पोशाखात बकिंगहॅम राजवाड्यात गेले. डिसेंबरात स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हा सरोवराच्या काठी व्हिलनव्हला, फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँकडे पाच दिवस राहिले तेही याच पोशाखात. ब्रिंडिसीहून परतीच्या बोटीत बसून २८ डिसेंबरला मुंबईत उतरले.

या जलमार्गाशी आमची ओळख जुनी. हिंगणघाटचा ‘बनी’ कापूस एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात नावाने ओळखला जाई. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस अडला आणि आमच्या गाठींचा भाव चढला. त्या गाठी बोटीने गेल्या, कापड होऊन परत आल्या. १९३१ च्या सप्टेंबरअखेरीस गांधी लँकेशायरमधल्या डार्वेनला गेले, तेव्हा विलायती कापडावरच्या बहिष्काराने काम गेलेल्या गिरणी कामगारांसमोर पंच्यातच उभे राहिले.

मीराबेनचा प्रवास तर उलट्या दिशेचा. इंग्लंडमध्ये असताना, भारतात येण्याआधी, त्या कातायला शिकल्या; कापूस कुठला, म्हणून लोकर कातली. याच मीराबेन पुढे शेगावात जाऊन राहिल्या, आणि ३० एप्रिल १९३६ ला गांधीही तिथं आले. शेगावचं सेवाग्राम झालं.

पौषात सेवाग्रामला पहाटेच्या प्रार्थनेला जाणार असाल तर शाल घ्या. प्रार्थना उघड्यावर, जमिनीवर बसून होते, आणि पारा दहाच्या खाली आलेला असू शकतो. पायांचं तुम्ही बघा.