१२७ दात्यांचे चाक

घरच्या कार्यशाळेत दुरुस्तीला काढलेला माझा जुना लेथ इंची मापाचा. पण त्याच्या चेंज गिअरांत १२७ दात्यांचे एक चाक निघाले. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. म्हणून हे चाक जोडले, की इंची लीड स्क्रूवरही मेट्रिक आटे अचूक पडतात. १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापे आणली. कारखान्यातल्या चालू इंची लेथांवर ती उतरली अशा चाकांमुळे. (बोलण्यात सूत टिकले ते टिकलेच!) नुसते चाक सापडणे हा पुरावा नव्हे, पुष्कळदा ते लेथबरोबरच येई. माझ्या चाकाचे दाते मात्र बाकीच्यांहून अधिक झिजले आहेत. म्हणजे मेट्रिक काम खरोखर झाले. नवे चाक बसवीन, जुने भंगारात देणार नाही. बेड घासण्याआधी त्याचीही झीज मोजून वहीत उतरवली आहे.