घरच्या डेव्हलपरचे दिवस

स्मरणिकेसाठी सभासदांकडून जुने फोटो आले. काही कृष्णधवल फोटो पन्नास वर्षांनीही लख्ख, तर काही पार पिवळे पडलेले. नातवाने विचारले, "आजोबा, असं का?" त्याला दिलेले हे उत्तर.

घरी फिल्म धुण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी विमा पॉलिसी तारण ठेवून लंडन गाठले, कॅमेरा आणला आणि दादरच्या घरीच उद्योग मांडला. सरस्वतीबाई दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या आणि शिवाय रसायने कालवून फिल्मही धुवायच्या. ३ मे १९१३ला गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यामागे हे कष्ट होते.

सोलापुरात १९७०च्या सुमारास आम्ही दोघा-तिघा मित्रांनी तोच छंद धरला. तयार पुडी परवडत नसे. मग कोडॅकचे डी-७६ सूत्र वहीत उतरवून घेतले. लिटरभर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम. वजनाला एका मित्राच्या घरचा सराफी तराजू! मेटॉल आधी विरघळवायचे, कारण सल्फाइट भरपूर पडल्यावर ते विरघळत नाही. द्रावण हवे २० अंशांवर आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार. ऊन पाण्यात फिल्मवरचा थर फुगून सुटतो. म्हणून बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि काम रात्री करायचे.

डेव्हलपरनंतर हायपो. तो मात्र शेवटी पाण्याने पुरता निघावा लागतो, नाहीतर चित्र खातो.

१९७२चा पाऊस बुडाला. पुढच्या उन्हाळ्यात तुळशीपाशी आईचा फोटो काढला. फिल्म धुताना ती म्हणाली, "पाणी जपून वापर रे." मी दोन तांबे एकदम ओतून उरकले. तेच पाणी थोडे थोडे भरून, हलवून, पाच-सहा वेळा बदलले असते तर बराच हायपो निघाला असता. हे फार उशिरा कळले. वर्षभरात आई गेली. आज त्या निगेटिव्हवर तुळस दिसते, आईचा चेहरा डागात गेलाय.

कृष्णधवल फोटोतला काळा रंग म्हणजे बारीक चांदीच. आपल्या घरी जुन्या निगेटिव्ह असतील, तर प्लास्टिकच्या पिशवीतून काढून कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा आणि मुलांकडून स्कॅन करून घ्या. रौप्यमहोत्सवी वर्षात एवढी चांदी जपूया.