कोड-बिहाइंड
मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समध्ये पानाची मांडणी एका फायलीत आणि त्यामागचा प्रोग्राम दुसऱ्या फायलीत ठेवण्याची पद्धत. १९९६ साली आलेल्या जुन्या एएसपीत एचटीएमएल आणि स्क्रिप्ट एकाच पानात मिसळलेली असत. २००२ च्या डॉट नेटने मांडणी डॉट एएसपीएक्स फायलीत ठेवली आणि सी शार्प किंवा व्हिज्युअल बेसिकमधला क्लास वेगळा काढला.

या दोहोंची सांगड पानाच्या माथ्यावरची ‘पेज’ ही सूचना घालते. तिच्यातल्या ‘कोडबिहाइंड’ या गुणधर्मावर सारे काही चालते असा नवख्यांचा समज होतो. प्रत्यक्षात तो फक्त व्हिज्युअल स्टुडिओच्या सोयीसाठी असतो, सर्व्हर त्याची दखलही घेत नाही. खरा दुवा ‘इनहेरिट्स’. पहिल्यांदा मागणी येताच सर्व्हर मांडणीपासून एक नवा क्लास तयार करतो. तो ‘इनहेरिट्स’मध्ये नाव दिलेल्या क्लासचा वारस असतो आणि हा क्लास ‘पेज’ या मूळ क्लासचा. त्यामुळे नेमस्पेस बदलली आणि ‘इनहेरिट्स’मधले नाव जुनेच राहिले, की क्लास सापडत नसल्याची पार्सर एरर येते. प्रोजेक्ट बिल्ड न केल्यामुळे बिन फोल्डरमध्ये डीएलएल नसली तरी तीच एरर दिसते आणि माणूस बिनचूक नावातली चूक शोधत बसतो.

पहिल्या आवृत्त्यांत पानावरचे प्रत्येक कंट्रोल क्लासमध्ये त्याच आयडीने पुन्हा घोषित करावे लागे. २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीत पार्शल क्लास आले आणि ही दुहेरी नोंद सुटली. वेबसाइट प्रोजेक्टमध्ये तेव्हापासून ‘कोडफाइल’ वापरतात. ते मात्र सर्व्हर वाचतो आणि सोर्स फाइल तिथेच कंपाइल करतो. वेब ॲप्लिकेशन प्रोजेक्टमध्ये ‘कोडबिहाइंड’ टिकले. तिथे कंट्रोलच्या घोषणा डिझायनर फायलीत आपोआप लिहिल्या जातात. पान साध्या एडिटरमध्ये बदलले, तर ती फाइल मागेच राहते आणि नव्या कंट्रोलचे नाव कंपायलरला ओळखता येत नाही.

‘ऑटोइव्हेंटवायरअप’ हा गुणधर्म ‘पेज_लोड’सारख्या मेथड नावावरून जोडतो. तो चालू असताना तीच मेथड हातानेही जोडली, तर ती दोनदा चालते. डेटाबेसमध्ये एकच नोंद दोनदा पडली, की आधी इथे पाहावे.

एएसपी डॉट नेट कोअरमध्ये वेब फॉर्म्स नाहीत. तिथल्या रेझर पेजेसमध्ये क्लासचे नाव ‘मॉडेल’ या सूचनेत येते. ब्लेझरमध्ये मात्र मांडणी आणि कोड एकाच पार्शल क्लासचे दोन भाग असतात.