आगकाड्या आणि त्यांना हलवणारे हात

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या दारांत आमचे आयुष्य गेले. त्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली की ती कोणाच्या हातांनी घडली, हे विचारण्याची आम्हांला खोडच जडली आहे. पडद्यावर उड्या मारणाऱ्या जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रांनाही आम्ही तोच प्रश्न विचारतो.

आपल्याकडे हा खेळ दादासाहेब फाळक्यांनी मांडला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, त्यापूर्वीच त्यांनी कुंडीतला वाटाणा रुजताना चित्रित केला होता. कॅमेरा एका जागी ठेवावयाचा आणि थांबून थांबून एकेक चित्र घ्यावयाचे. मग कित्येक दिवसांची वाढ पाहता पाहता डोळ्यांपुढे घडते. भांडवल देणारा या वाटाण्यानेच वळला! १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काम अधिक किचकट होते, कारण वाटाणा आपोआप वाढतो, काडी वाढत नाही. चित्र घ्या, काडी तसूभर सरकवा, पुन्हा चित्र घ्या. सेकंदाला सोळा चित्रे धरली तरी मिनिटभराच्या मौजेला ९६० चित्रे लागतात. फाळक्यांचे नाव राहिले, ते योग्यच. परंतु रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडणाऱ्या सरस्वतीबाई आमच्या लेखी या धंद्यातील पहिल्या कामगार होत. त्यांचा पगार मात्र कोणी विचारू नये.

कागदावर चित्रे काढून ती हलवावयाची, तर कष्ट आणखी वाढतात. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली अवघ्या दीड-दोन मिनिटांच्या खेळासाठी सुमारे ७०० चित्रे काढली. १९१४ मध्ये अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडच्या युक्तीसाठी पेटंट मागितले. मागचा देखावा एकदाच रंगवावयाचा आणि हलणारे पात्र तेवढे वरच्या पारदर्शक तावावर काढावयाचे. श्रम वाचले, पण कामाचे तुकडे पडले. एकाने मुख्य हालचाल आखावी, दुसऱ्याने मधली चित्रे भरावीत, तिसऱ्याने शाई गिरवावी. मोटारीच्या जोडणीवर उभा राहणारा आमचा कोणीही सोबती ही रीत लगेच ओळखील.

ओळखण्यासारखे पुढेही घडले. न्यूयॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओत ‘पॉपाय’ आणि ‘बेटी बूप’ यांची चित्रे काढणाऱ्यांनी मे १९३७ मध्ये संप पुकारला. तो ऑक्टोबरपर्यंत चालला. युनियनला मान्यता मिळाली, पगारही वाढले. पुढच्याच वर्षी मालकांनी सारा कारखाना उचलून फ्लोरिडातील मायामीला नेला. तेथे युनियनचा जोर नव्हता.