गोविंद वल्लभ पंत

पंत हे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. कुमाऊँतील पंत घराणीही आपले मूळ कोकणात असल्याचे परंपरेने सांगत आली आहेत. अशाच एका घराण्यात, अलमोड्याजवळच्या खूंट या डोंगरी खेड्यात, १० सप्टेंबर १८८७ रोजी गोविंद वल्लभांचा जन्म झाला. अलाहाबादेस कायद्याचे शिक्षण पुरे करून त्यांनी काशीपुरास वकिली मांडली. त्या डोंगरांत सरकारी अंमलदारांचे सामान रयतेने सक्तीने वाहावे, अशी ‘कुली-बेगार’ची वहिवाट होती. तिच्याविरुद्ध त्यांनी आरंभापासून आवाज उठविला. १९२१ च्या मकरसंक्रांतीस बागेश्वरच्या यात्रेत लोकांनी बेगारीच्या वह्या सरयू नदीत बुडविल्या आणि ती वहिवाट संपली.

१९२३ साली स्वराज्य पक्षातर्फे पंत प्रांतिक कायदेमंडळावर निवडून आले. लखनौ ही त्यांची कर्मभूमी झाली. तेथेच चाललेल्या काकोरी खटल्यात आरोपींच्या बचावासाठी ते उभे राहिले. नोव्हेंबर १९२८ मध्ये सायमन कमिशनच्या निषेधार्थ निघालेल्या निदर्शकांवर घोडेस्वार पोलिसांनी लाठ्या चालविल्या. जवाहरलाल नेहरूंसमवेत असलेले पंत सहा फुटांहून उंच. लाठीला इतके सोयीचे लक्ष्य दुसरे कोणते! त्या माराने पुढे बराच काळ त्यांना पाठ ताठ करणेही कठीण गेले.

१९३७ मध्ये ते संयुक्त प्रांताचे मुख्य प्रधान झाले. महायुद्ध सुरू होताच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९४६ मध्ये सत्ता पुन्हा हाती आली. जमीनदारी निर्मूलन समितीचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले. अवधच्या तालुकदारांच्या ऐन राजधानीत हा कायदा घडला आणि १ जुलै १९५२ रोजी अमलात आला. कसणारा कूळ सरकारशी थेट जोडला गेला. जमीनदारांच्या घरखातीच्या जमिनी मात्र त्यांच्याकडेच राहिल्या, आणि भूमिहीन मजुराच्या पदरात फारसे पडले नाही. ही उणीव लहान नव्हती.

१९५५ मध्ये ते केंद्राचे गृहमंत्री झाले, आणि महाराष्ट्राशी त्यांचा संबंध आला तो कटुतेचा. १९५६ चे राज्य पुनर्रचना विधेयक त्यांचेच; त्यात मुंबई केंद्रशासित ठेवण्याची योजना होती. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले ते याच प्रश्नावर. पुढे द्वैभाषिक राज्य आले, तेही टिकले नाही. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र निर्माण झाला, तेव्हाही गृहमंत्री पंतच होते. ७ मार्च १९६१ रोजी दिल्लीत, त्याच पदावर असताना, त्यांचे निधन झाले.